वीस किलोंचा निरोप : न जुळणाऱ्या नडगीचं एक प्रकरण

"पाच महिने झाले ताई, पाय एकदाबी भुईला लावू दिला न्हाई बघा."

मामींच्या आवाजात अभिमान होता, आणि तो उगाच नव्हता. मामा वॉकरवर एका पायानं उड्या मारत दारातून आत येत होते. उजवा पाय जमिनीपासून चार बोटं वर, गुडघ्यात जरासा वाकलेला. घरातल्या सगळ्यांनी मिळून हा पाय सांभाळला होता. अंघोळीला प्लास्टिकची खुर्ची, संडासला जाताना मुलाचा खांदा, रात्री पोटरीखाली गोधडीची घडी. डिंकाचे लाडू झाले होते, पाय्याचा रस्सा झाला होता, कुणीतरी कांडवेलही उगाळून दिली होती. इतकं सगळं करून हाड मात्र जुळलेलं नव्हतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बेळगावात अनगोळला माझं दोन खाटांचं क्लिनिक आहे. हे प्रकरण मामांच्या परवानगीनं लिहितेय, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तालुक्याचा पश्चिम पट्टा, तांबडी माती, पावसाळ्यात भात आणि वरंब्यांवर रताळी, एवढं पुरे. वय ४६, वजन ६१ किलो, साखर नाही, रक्तदाब नाही, तंबाखू आहे. जुलैत रोप लावणीच्या दिवसांत मोटारसायकल चिखलात घसरली आणि उजव्या नडगीचं हाड मधला आणि खालचा भाग मिळतात तिथं मोडलं. शेजारचं बारीक हाड, म्हणजे फिब्युला, तेही मोडलं. कातडी फाटली नव्हती. दोन दिवसांत ऑपरेशन होऊन नडगीच्या पोकळीत रॉड बसवला गेला. वर दोन आणि खाली दोन स्क्रू घालून तो पक्का केला होता. रॉड सरळ आणि नीट बसलेला होता, हे आधीच सांगते. पुढचं वाचून कुणाला ते ऑपरेशनच बिघडलं असं वाटायला नको.

माझ्याकडे ते आले डिसेंबरात, कारण गुडघा वाकत नव्हता आणि मांडी वाळत चालली होती. गुडघ्याच्या वर १५ सेंटिमीटरवर टेप लावली तर डावी मांडी ४६ सेंटिमीटर, उजवी ४१. घोटा काटकोनाच्या वर येत नव्हता. पावलाची कातडी चकचकीत, थंड. मोडलेल्या जागी अंगठ्यानं दाबलं की चेहरा आक्रसत होता. मी व्यायाम सुरू करायच्या आधी फाइल मागितली.

फाइल कापडाच्या पिशवीतून निघाली, आणि आमच्या भागात असते तशीच ती निघाली. ऑपरेशनच्या संमतीचा कागद कन्नडमध्ये, डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, आणि औषधांच्या वेळा मेडिकलवाल्यानं पाकिटांवर मराठीत लिहिलेल्या. मामा शाळेत मराठीतून सातवीपर्यंत शिकलेले. म्हणजे अख्ख्या फाइलमधलं त्यांना वाचता येण्याजोगं एवढंच, की कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर. डिस्चार्ज कार्डावर खाली एका ओळीत होतं, 'एनडब्ल्यूबी ६ आठवडे, नंतर पीडब्ल्यूबी, सोसेल तसं'. पहिलं म्हणजे वजन अजिबात टाकायचं नाही, दुसरं म्हणजे थोडंथोडं टाकायचं. वॉर्डातल्या कुणीतरी तोंडानं सांगताना पहिला भाग सांगितला. दुसरा भाग कार्डावरच राहिला. सप्टेंबरात तपासणीला गेले तेव्हा गर्दी होती, एक्स-रे बघून "अजून वेळ आहे" म्हणाले. ते ऐकून घरच्यांनी पाय आणखी उंच धरला. कुणाचीच नियत वाईट नव्हती. एक ओळ एका भाषेतून दुसऱ्या भाषेत यायची राहिली, एवढंच.

एकाच पायातली दोन हाडं

तीन एक्स-रे होते : जुलै, सप्टेंबर आणि डिसेंबर. तिन्ही मी खिडकीच्या काचेवर ओळीनं चिकटवले. (व्ह्यूबॉक्सची ट्यूब गेल्या दिवाळीपासून उडालेली आहे.) नडगीत सुमारे ३ मिलिमीटरची फट होती, आणि ती डिसेंबरातही जुलैतल्यासारखीच कोरी होती. कडा मात्र थोड्या बोथट झाल्या होत्या. नडगी जुळली का हे मोजायची एक साधी पद्धत आहे. समोरून आणि बाजूनं काढलेल्या एक्स-रेत हाडाच्या चार कडा दिसतात, प्रत्येकीला १ ते ३ गुण द्यायचे. फट दिसते आणि नवं हाड नाही तर १, नवं हाड आलंय पण फटही दिसते तर २, पूल बांधला गेला आणि फट मिटली तर ३. सर्वांत कमी ४, सर्वांत जास्त १२. मामांना ५ मिळाले.

मग नजर शेजारी गेली आणि तिथंच अडकली. फिब्युला जुळली होती. नुसती जुळली नव्हती, मोडलेल्या जागी लिंबाएवढी गाठ बांधून बसली होती.

पाय एकच, रक्त तेच. कांडवेल, पाय्याचा रस्सा आणि तंबाखू या दोन्ही हाडांना सारख्याच पोचल्या. मग एक जुळलं आणि एक का नाही? एक कारण शरीररचनेचं आहे, ते टाळता येत नाही. फिब्युला चहूबाजूंनी मांसात लपेटलेली असते, नडगीची पुढची बाजू मात्र थेट कातडीखाली आहे, आणि तिच्या खालच्या भागाला रक्तपुरवठा बेताचाच. पण दुसरं कारण माझ्या डोळ्यांसमोर होतं. फिब्युलात रॉड नव्हता. मामा अंथरुणात कूस बदलत होते, पावलाची बोटं हलवत होते, त्या प्रत्येक वेळी स्नायू ओढले जात होते आणि मोडलेली टोकं केसभर हलत होती. नडगी मात्र चार स्क्रूंनी जखडलेली, वर पाच महिने अधांतरी. तिच्या फटीतल्या पेशींना कुणी हाकच मारली नव्हती.

'हाक' म्हणते ते सजावटीला नाही. पेशीला दाब, ताण आणि वाहणाऱ्या द्रवाचं घासणं खरोखर कळतं, आणि कळलं की आतली संदेशांची साखळी हलते. माझ्या धंद्याचा पाया हाच आहे, तरी आमच्याकडं तो सांगितला फार कमी जातो. आम्ही 'व्यायाम करा' म्हणतो आणि पुढच्या पेशंटकडं वळतो.

पेशीला काय कळतं

हाडाचा आकार त्याच्यावर पडणाऱ्या भारानुसार घडतो, हा नियम जर्मन शल्यवैद्य युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडला. पण भार हाडाला कळतो म्हणजे नेमका कुणाला कळतो, याचं उत्तर यायला आणखी शंभर वर्षं गेली. घट्ट हाडाच्या आत ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी चिणल्यासारख्या बसलेल्या असतात. हाडातल्या पेशींपैकी ९० टक्क्यांहून जास्त याच. प्रत्येकीला कोळ्यासारखे पाय फुटलेले, आणि ते पाय मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक नळ्यांतून शेजारणीच्या पायांना भिडलेले. नळ्यांत द्रव भरलेला.

इथं एक कोडं होतं. चालताना नडगी जितकी वाकते ते माप फारच छोटं आहे, एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. पळताना, उड्या मारतानाही ०.२ टक्क्यांच्या आसपासच. पण प्रयोगशाळेत सुट्या हाडपेशी रबरी पडद्यावर ठेवून ताणल्या, तर त्या जाग्या होतात एक टक्का किंवा त्याहून जास्त ताणावर. एवढं ताणलेलं अख्खं हाड मोडायच्या बेतात असतं. मग चालण्याचा तो नगण्य वाक पेशीला कळतो कसा? १९९४ साली शेल्डन वाइनबॉम, स्टीफन कोविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलं की पेशीला हाडाचा वाक कळत नाही, नळीतला प्रवाह कळतो. हाड किंचित दबलं की द्रव एका बाजूनं दुसरीकडं ढकलला जातो, आणि अरुंद नळीत पेशीच्या पायांना घासत जातो.

मामांना मी हे असं सांगितलं : लावणीच्या वाफ्यात तुम्ही पाय टाकता, तेव्हा चिखल किती दबतो? "दबतोय की थोडा." आणि पाणी? "पाणी बोटांच्यातनं वर येतंय." हाडातली पेशी म्हणजे चिखलात रुतलेलं रोप. दबल्याचं तिला फारसं कळत नाही, मुळांजवळून गेलेलं पाणी कळतं. त्यांना हे पटलं. पुढं त्यांनी स्वतःच भर घातली, की पाय टाकून नुसतं उभं राहिलं तर पाणी एकदाच वर येतं, चालत राहिलं तर दर पावलाला येतं. मी खुर्चीतून उठायचीच राहिले होते. कारण प्राण्यांवरच्या प्रयोगांत नेमकं हेच दिसलं आहे. हाडावर तेवढाच भार सतत ठेवून दिला तर हाड वाढत नाही, तोच भार लयीत देत-काढत राहिलं तर वाढतं. १९८४ साली क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅनियन यांनी कोंबड्यांच्या पंखाच्या हाडावर असं करून पाहिलं. दिवसाला ४ वेळा भार दिला तरी हाडाची झीज थांबली, ३६ वेळा दिला तर नवं हाड आलं, आणि १८०० वेळा दिला तरी ३६ वेळांहून जास्त काही मिळालं नाही. पेशी लवकर ऐकते आणि लवकर कंटाळतेही. उंदरांवरच्या पुढच्या कामात दिसलं, की तेच ३६० हिसके एकदम देण्यापेक्षा मध्ये काही तास सोडून चार वेळा वाटून दिले तर हाड जास्त बांधलं जातं.

प्रवाह पेशीच्या अंगावरून गेला की पुढं काय? पेशीच्या पटलात दाबानं उघडणारी दारं असतात. त्यांतलं एक महत्त्वाचं दार २०१० साली सापडलं, अमेरिकेत आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेत. ते शोधायची पद्धत आमच्या सासूबाई हरवलेली किल्ली शोधतात तशीच. पेशीला बारीक काचेच्या टोकानं ढोसायचं, ती विजेची चुणूक देते. मग संशयित जनुकं एकेक करून बंद करत जायचं, आणि कुठलं बंद केल्यावर चुणूक थांबते ते बघायचं. यादीत ७२ जनुकं होती. थांबली ती बहात्तराव्याला. त्या प्रथिनाचं नाव पिझो-१, दाबणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. २०२१ साली पटापुटियन यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत वैद्यकाचं नोबेल मिळालं. तीन पात्यांच्या पंख्यासारखं हे प्रथिन पटलात रुतलेलं असतं. पटल ताणलं की पाती सपाट होतात, मधलं भोक उघडतं आणि बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं. हाडाच्या पेशींतून पिझो-१ काढून टाकलेल्या उंदरांची हाडं बारीक राहतात आणि भार दिला तरी नीट दाद देत नाहीत, हे २०१९ साली दिसलं.

कॅल्शियम आत आलं की पेशी प्रोस्टाग्लँडिन, नायट्रिक ऑक्साइड असे जवळच्या जवळ पोचणारे निरोप सोडते. आणि एक गोष्ट सोडायची कमी करते : स्क्लेरोस्टिन. हे प्रथिन म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशींच्या गाडीचा ब्रेक. एरवी बांधणाऱ्या पेशीच्या केंद्रकात 'बांध' असा हुकूम घेऊन जाणारी साखळी असते, स्क्लेरोस्टिन तिच्या तोंडाशीच अडून बसतं. भार पडला की ब्रेक सुटतो, भार गेला की दाबला जातो. अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्का कमी होतं. मामांच्या एक्स-रेत टाचेची आणि घोट्याची हाडं धुरकट, पोखरल्यासारखी दिसत होती ती यातूनच. अंतराळात न जाता, गोधडीच्या घडीवर.

आता ही ब्रेकची गोष्ट ऐकून कुणी विचारेल की मग औषधानंच ब्रेक सोडवावा. स्क्लेरोस्टिनला धरून ठेवणारं इंजेक्शन आहे, रोमोसोझुमॅब. २०१९ साली अमेरिकेत हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रियांसाठी त्याला मान्यताही मिळाली. पण नुकत्या मोडलेल्या नडगीवर ते देऊन पाहिलं तेव्हा हाड लवकर जुळलं नाही. मला यात नवल वाटत नाही. फटीत ऑस्टिओसाइट नसतातच. तिथं असतात अजून काय व्हायचं ते न ठरलेल्या मूळ पेशी, आणि त्यांचं ठरणं वेगळ्या वाटेनं होतं.

ही वाट मला या सगळ्यात जास्त आवडते. मूळ पेशी आजूबाजूच्या जाळ्याला चिकटून त्याला सतत ओढून बघते, बाजारात बाया वांगी दाबून बघतात तशी. २००६ साली ॲडम एंगलर आणि डेनिस डिशर यांनी एकाच प्रकारच्या मूळ पेशी मऊ, मध्यम आणि कडक जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवरच्या पेशी चेतापेशींसारख्या दिसू लागल्या, स्नायूइतक्या कडक जेलवरच्या स्नायूच्या वाटेनं गेल्या आणि सगळ्यांत कडक जेलवरच्या हाडाच्या. पाच वर्षांनी इटलीत स्टेफानो पिक्कोलो यांच्या गटानं दाखवलं की यात याप आणि ताझ नावाची दोन प्रथिनं निरोप्याचं काम करतात. पेशी ताणली गेली की ती केंद्रकात शिरतात, सैल पडली की बाहेर थांबतात. फटीत हेच पायरीपायरीनं चालतं. आधी मऊ दाणेदार ऊती, मग कूर्चा, मग हाड. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीसाठी जागा थोडी कडक करून ठेवते.

पण या पायऱ्यांना सोसण्याची मर्यादा आहे. स्विस शल्यवैद्य श्टेफान पेरेन यांनी ती अशी मांडली : दाणेदार ऊती मूळ लांबीच्या १०० टक्के ताण सोसते, कूर्चा १० टक्क्यांपर्यंत, पक्कं हाड फक्त २ टक्के. म्हणजे ३ मिलिमीटरच्या फटीत टोकं ०.३ मिलिमीटर हलली तर १० टक्के. कूर्चा टिकेल, हाड नाही. जास्त हलवत राहिलं तर कोवळ्या रक्तवाहिन्या तुटतात आणि फटीत नुसते चिवट धागे राहतात. पण मुळीच हलवलं नाही तर? १९८५ साली इंग्लंडात ॲलन गुडशिप आणि जॉन केनराइट यांनी मेंढ्यांच्या नडगीत मुद्दाम ३ मिलिमीटरची फट ठेवली. निम्म्या मेंढ्यांची हाडं जखडून ठेवली, उरलेल्यांची रोज १७ मिनिटं, ५०० वेळा, एक मिलिमीटरपर्यंत दाबली. दाबलेली जास्त चांगली जुळली. मामांची फटही तीनच मिलिमीटरची. त्यांना मेंढ्यांचं सांगितलं तर म्हणाले, "मेंढरास्नी बरं केलं, माणसास्नी कवा करणार?"

जुळलेलं हाड कापणं

मी ओळखीच्या अस्थिरोगतज्ज्ञांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन गेले. रक्ताच्या तपासणीत जंतुसंसर्गाचं चिन्ह नव्हतं. ड जीवनसत्त्व कमी निघालं, ते सुरू झालं. तंबाखूवरून मामांना चांगलंच झापलं गेलं, कारण निकोटिननं रक्तवाहिन्या आवळतात आणि ह्या जागी आधीच रक्त बेताचं. मग खरा प्रश्न आला. रॉडच्या एका टोकाला दोन भोकं असतात, एक गोल आणि एक लांबट. गोल भोकातला स्क्रू काढला की लांबट भोकातला स्क्रू खाचेत सरकू शकतो, आणि पाय टेकला की हाडाची टोकं जवळ येतात. डॉक्टर याला 'रॉड मोकळा करणं' म्हणाले, मला शब्द आवडला. पण एवढ्यानं भागलं नसतं, कारण फिब्युला जुळून खांबासारखी उभी होती. नडगीवर येणारा दाब तिनं अंगावर घेतला असता आणि फट उघडीच राहिली असती.

म्हणून डिसेंबरच्या शेवटी एकाच वेळी दोन कामं झाली. वरचा एक स्क्रू निघाला, आणि जुळलेल्या फिब्युलाचा साधारण एक सेंटिमीटरचा तुकडा कापून काढला. मामींना हे समजावणं सगळ्यात अवघड गेलं. "जुळलंय तेच मोडूलाल्यात?" एवढंच त्या विचारत राहिल्या. माझ्याकडं एका वाक्यात उत्तर नव्हतं. बाजूचा खांब काढल्याशिवाय मधल्या भिंतीवर वजन बसत नाही, असं काहीतरी म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण डोळ्यांनी नाही.

काटा

डॉक्टरांनी कागदावर पुन्हा तेच लिहिलं, 'सोसेल तसं वजन टाका'. ह्या वेळी मी तो कागद हातात घेतला आणि त्याखाली मराठीत किलोत लिहिलं. गावातल्या किराणा दुकानात मिळणारा माणसांचं वजन करायचा काटा आणायला लावला. उजवा पाय काट्यावर, डावा तेवढ्याच उंचीच्या पाटावर, हात वॉकरवर. काटा २० वर येईपर्यंत दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. एका वेळी ४० वेळा, दिवसातून चार वेळा, मध्ये निदान तीन तासांची सुट्टी. उंदराची मात्रा माणसाला तशीच लागू होत नाही हे मला माहीत आहे, पण वाटून द्यायचं तत्त्व बिनखर्चाचं होतं. काट्यावर २० दिसत असले तरी पोटरीचे स्नायू आवळले की हाडावर त्याहून जास्त येतं, हेही हिशेबात धरलं.

पहिल्या दिवशी मामांचा पाय काट्याच्या वर दोन बोटं थांबला. खाली येईना. दुखत नव्हतं, अजून काही टेकलंच नव्हतं. पाच महिने ज्या पायाला टेकायचं नाही असं सांगितलं, त्याला आता टेक म्हणून सांगून भागत नव्हतं. मी खाली बसून त्यांची टाच तळहातावर घेतली आणि हात हळूहळू खाली नेला. काटा हलला. ४. मग ७. टाचेखालून माझा हात दबल्याचं मला कळत होतं, मामा मात्र छताकडं बघत होते. ११ वर त्यांनी श्वास सोडला. २० त्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशी आले. मुलानं फोनवर काट्याचा फोटो पाठवला, त्यात काट्याच्या कडेला शेणाचा डाग आणि पावलाची सुकलेली बोटं.

पहिल्या आठवड्यात २०, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात ४०, असं ठरलं होतं. काखेत कुबड्या घेऊन चालणंही त्याच मापानं. दुसऱ्या आठवड्याच्या एक्स-रेत रॉड जवळजवळ दोन मिलिमीटर सरकलेला दिसला. फट एकवर आली.

तिसऱ्या आठवड्यात मी घोळ घातला. मामांनी फोनवर विचारलं, शेतात जाऊन येऊ का. मी घाईत होते, म्हणून गेले, "जा, सोसेल तितकंच करा." दुसऱ्याच्या कागदावरच्या ज्या शब्दाखाली मी किलोत लिहिलं होतं, तोच माझ्या तोंडून निघाला. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला काय सोसत नाही? जानेवारीत रताळी काढायला आलेली, व्यापाऱ्याचा टेंपो बांधावर उभा. मामा एक कुबडी झाडाला टेकवून दिवसभर पोती मोजत उभे राहिले, आणि वरंब्यांवरून ये-जा केली ती वेगळीच. संध्याकाळी नडगी सुजून चमकत होती, मोडलेल्या जागी ठणका. सरळ दाब पेशीला चालतो, पण वरंब्यावर पाऊल तिरकं पडतं, पाय पिळला जातो, आणि पिळानं कोवळ्या रक्तवाहिन्या आधी तुटतात. रात्री मला झोप आली नाही. सकाळी एक्स-रे काढला, स्क्रू शाबूत होते, रॉड जागेवर. पाच दिवस परत ३० वर आणलं. तेव्हापासून 'सोसेल' हा शब्द मी क्लिनिकमध्ये वापरत नाही.

फेब्रुवारीच्या एक्स-रेत फटीच्या मागच्या बाजूला धुरासारखं काहीतरी दिसलं. डॉक्टरांनी बोट ठेवलं तरी मामींना दिसेना. मार्चअखेर मात्र दाखवावं लागलं नाही. मागून आणि आतल्या अंगानं हाडाचा पक्का पूल बांधला गेला होता, गुण ५ वरून १० वर. पुढच्या कडेला फटीची रेघ अजून दिसत होती, तिथं रक्त कमी, ती मागं राहणारच. ह्यात स्क्रू काढण्याचं किती, काट्याचं किती, ड जीवनसत्त्वाचं किती आणि तंबाखूचं किती, हे एका पायावरून वेगळं करता येत नाही. तंबाखू सोडली असं मामा म्हणतात. कमी केली असं मामी म्हणतात. माझा स्वतःचा कौल रॉड मोकळा करून टाकलेल्या वजनाला आहे, कारण धूर आधी आणि दाट तिथंच आला जिथं चालताना दाब जास्त येतो. मांडी ४४ सेंटिमीटर झाली. मामा आता काठीशिवाय घरात फिरतात, बांधावर जाताना काठी नेतात.

शेवटच्या भेटीत नवा एक्स-रे मी पुन्हा खिडकीला चिकटवला. मामा जवळ जाऊन बघत राहिले. मग नडगी सोडून शेजारच्या हाडाच्या कापलेल्या जागेवर बोट ठेवलं. एक सेंटिमीटरच्या मोकळ्या जागेत दोन्ही टोकांकडून पांढुरके ढग एकमेकांकडं निघाले होते.

"ताई, हे परत जुळूलालंय न्हवं? मग आता ह्येचं काय करायचं?"